सलोखा गावठाणातही हवा

तेरणेच्या काठी तेर या गावी घराचा पाया खणू लागलेल्याला शेजाऱ्याच्या हद्दीआधी सातवाहनांचीच हद्द लागते, असे कोणी थट्टेने म्हटले, तर ते सर्वस्वी खोटे ठरणार नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात तगर या नावाने ज्याचा उल्लेख आहे ते हे नगर पांढरीच्या थरांवर थर चढवीत जगत आले, आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी या परिसरातून जमविलेल्या पुरावस्तूंचे आज तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय झाले आहे. जमिनीच्या पोटातल्या वस्तूला अशी क्रमांकासह नोंद लाभत असताना, जमिनीवरच्या दोन घरांमधली हातभर जागा कोणाची, या प्रश्नाला मराठवाड्यातील जुन्या गावठाणांत बहुधा वृद्धांच्या स्मृतीवाचून दुसरा आधार नसतो.

याचे कारण उघड आहे. सारा देते ती काळी, म्हणजे शेतजमीन; पांढरी, म्हणजे गावठाण, नव्हे. म्हणून निजामाच्या दिवाणीने काय किंवा १९४८ नंतरच्या आपल्या महसूल खात्याने काय, शेताची दप्तरी नोंद ठेवली, आणि घराला मात्र चतुःसीमेवर भागविण्यास सांगितले. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस रस्ता, एवढ्या वर्णनावर पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार झाले. ते निभावले, कारण दोन घरांमध्ये दगडमातीची दोन-अडीच हात जाडीची सामाईक भिंत आणि वर माळवद असे, आणि त्या भिंतीचा मध्य शोधण्याची गरज कोणालाच पडत नसे.

ती गरज भिंत पाडली की पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत अशाच जड भिंतींखाली माणसे गाडली गेली, तेव्हापासून मातीच्या भिंतीवरचा विश्वास उडाला. आणि तिच्या जागी नऊ इंची विटांची भिंत किंवा नुसते तारेचे कुंपण आले, म्हणजे उरलेला दीड-दोन हात कोणाच्या पदरात पडायचा हा तंटा उभा राहतो. अतिक्रमण या शब्दाने दांडगाईचे जे चित्र डोळ्यांपुढे येते, ते पुष्कळ ठिकाणी खरे असले, तरी गावठाणातले कितीतरी तंटे अशा भिंतीच्या जाडीतूनच जन्मतात, आणि त्यात दोन्ही पक्ष आपापल्या परीने प्रामाणिक असतात, हे पंचांनीही ध्यानात ठेवलेले बरे.

अशा प्रामाणिक माणसांना कायद्याची वाट मात्र बिकट आहे. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. भूमि अभिलेख कार्यालयात फी भरून हद्द कायम मोजणी मागावी, तर मुळात ज्या जागेचा नकाशाच कधी झाला नाही तिची हद्द भूकरमापक कोठून कायम करणार? आणि नकाशा असला, तरी खुणा दाखवून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत देणे एवढाच त्याचा अधिकार; उभी भिंत हटविण्यासाठी दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. त्यातही १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे बारा वर्षे उघडपणे आणि मूळ मालकाच्या हक्काविरुद्ध चाललेला कब्जा अखेर कब्जेदाराचा हक्क होऊ शकतो. जो शेजारी भिडेखातर गप्प बसला त्याचे नुकसान व्हावे आणि जो पहिल्याच दिवशी भांडला त्याचा हक्क राहावा, ही व्यवस्था न्यायाच्या दृष्टीने समर्थनीय असेलही, शेजारधर्माला ती खचित पोषक नाही.

पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजणीचा जो प्रयोग झाला, आणि २०२० पासून ‘स्वामित्व’ या नावाने देशभर जी योजना चालू झाली, तिने पांढरीलाही नकाशा, मिळकत पत्रिका आणि सनद देऊ केली आहे. हे काम शतकभर आधीच व्हायला हवे होते. परंतु आकाशातून छप्पर दिसते, हक्क दिसत नाही. म्हणून उड्डाणापूर्वी ज्याने त्याने आपल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारावयाची असते, आणि त्या रेघेवरच दोन शेजाऱ्यांचे एकमत नसेल, तर चौकशी अधिकाऱ्यापुढे जुनाच तंटा नव्या नकाशासह उभा राहतो.

अशाच तंट्यांवर तोड म्हणून शासनाने २०२३ च्या आरंभी शेतजमिनीसाठी सलोखा योजना काढली. बारा वर्षांपासून एकमेकांच्या जमिनीवर वहिवाट असलेल्या दोन शेतकऱ्यांनी राजीखुशीने अदलाबदल केली, तर मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपये एवढ्यावर दस्त होतो. रहिवासी जागा मात्र या योजनेतून वगळल्या आहेत. घराशेजारच्या हातभर पट्टीसाठी बाजारभावाने मुद्रांक भरण्यास कोण तयार होईल? मग तडजोड तोंडी राहते आणि मुलांच्या पिढीत मोडते. हीच सवलत गावठाणातील सामाईक भिंती व कुंपणे यांना, क्षेत्राची कडक मर्यादा घालून, लागू करावी, आणि तिचा दस्त सनदेच्या चौकशीच्या वेळीच व्हावा, अशी माझी सूचना आहे.

मर्यादा घातली म्हणजे या सवलतीआडून विक्रीचे व्यवहार होतील ही महसूल खात्याची शंका फिटेल. दुसरी शंका अधिक गंभीर आहे: विधवेच्या किंवा परगावी मजुरीस गेलेल्याच्या शेजारी गावचा पुढारी असेल, तर राजीखुशी कितपत खरी? यासाठी संमती गावच्या चावडीवर न घेता तालुका विधी सेवा समितीपुढे, दाखलपूर्व लोकअदालतीत घ्यावी. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील चालत नाही. म्हणूनच दुबळ्या पक्षाला सही करण्यापूर्वी तेथे फुकट वकील मिळाला पाहिजे.