पुढचं पाठ, मागचं सपाट

ऑनलाइन शूटर गेमचं नवं एक्सपान्शन आलं की दोन दिवसांत एकच भांडण सुरू होतं. एवढ्या पैशांत नवं किती दिलं? मिशन किती, नकाशे किती, बंदुका किती, किती तासांत संपलं? ‘डेस्टिनी २’बद्दलचं हे भांडण मी वर्षानुवर्षं ऐकतोय. ते हिरीरीने भांडणाऱ्या मित्रांबरोबर रात्र रात्र जागून रेडही खेळतोय. पण माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नच कंपनीच्या सोयीचा आहे. ताटात नवं काय वाढलं ते आपण चवीने मोजतो आणि ताटातलं काय उचलून नेलं ते मोजतच नाही.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बंजी या अमेरिकी स्टुडिओचा ‘डेस्टिनी २’ सप्टेंबर २०१७ मध्ये आला. तुम्ही एक ‘गार्डियन’ असता. सूर्यमालेतल्या ग्रहांवर आणि चंद्रांवर जाऊन लढायचं, बंदुका जमवायच्या आणि सहा जणांच्या टोळीने रेड मारायची. मूळ कथा ‘रेड वॉर’ची. मग एक्सपान्शन येत गेली आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. ‘फोरसेकन’ हे त्यातलं अनेकांचं लाडकं. सप्टेंबर २०१८, किंमत ४० डॉलर.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘बियॉन्ड लाइट’ आलं. नवा बर्फाळ चंद्र युरोपा आला, ‘स्टेसिस’ नावाची नवी शक्ती आली. त्याच दिवशी मंगळ, बुध, आयो आणि टायटन गेले. ‘लेवायथन’ हे अवाढव्य जहाज गेलं. ‘रेड वॉर’सकट तीन मोहिमा गेल्या, पाच रेड गेल्या. या सगळ्याला नाव दिलं ‘कंटेंट व्हॉल्ट’, म्हणजे तिजोरी. तिजोरीत ठेवलेली वस्तू आपली असते आणि किल्लीही आपल्याकडे असते, असा माझा समज आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘द विच क्वीन’ आलं तेव्हा पैसे मोजून घेतलेल्या ‘फोरसेकन’ची मोहीमही त्याच तिजोरीत गेली. शिवाय नवं एक्सपान्शन आलं की मागच्या वर्षीचे सीझन काढायचे, हा शिरस्ता पडला.

अशी कल्पना करा, की यंदाचा दिवाळी अंक घरी आला आणि आणणारा माणूस जाताना कपाटातला गेल्या वर्षीचा अंक काढून घेऊन गेला. ‘कपाटात जागा होत नव्हती’ म्हणाला. यंदाच्या अंकाची पानं किती यावर आपण त्याच्याशी हुज्जत घालत बसू का? आधी त्याचा हात धरू. गेमच्या बाबतीत मात्र आपण पानंच मोजतो. एक्सपान्शन म्हणजे विस्तार, आणि विस्तारात वस्तू मोठी व्हायला हवी. दरवर्षी पुढे चार खोल्या बांधायच्या आणि मागच्या चार पाडायच्या, याला भाडं म्हणतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० डॉलरला ‘लाइटफॉल’ आलं तेव्हा खेळाडू चिडले. चिडायला कारण होतं. सगळी कथा ‘व्हेल’ नावाच्या एका गोष्टीभोवती फिरत होती आणि ती नेमकी काय आहे हे मोहीम संपेपर्यंत कळत नव्हतं. जून २०२४ मधल्या ‘द फायनल शेप’चं भरभरून कौतुक झालं, तेही योग्यच होतं. पण दोन्ही वेळा माप एकच होतं, ते म्हणजे आत आलेल्या मालाचं. बाहेर गेलेल्या मालाचा रकाना वहीत नव्हताच.

तो रकाना का हवा, त्याचं उदाहरण ‘फायनल शेप’मध्येच आहे. त्यात केड-सिक्स परत येतो. हा गेममधला सर्वांत हजरजबाबी माणूस ‘फोरसेकन’च्या सुरुवातीला मारला गेला होता. त्याच्या मारेकऱ्याचा पाठलाग हीच त्या मोहिमेची कथा होती. पुढे तोच मारेकरी जुन्या आठवणी पुसून, ‘क्रो’ या नावाने आपल्या बाजूला येतो. २०२४ मध्ये या दोघांना समोरासमोर आणलं जातं. ज्याने तो पाठलाग केला त्याच्या घशात आवंढा येतो. जो २०२२ नंतर खेळायला लागला त्याला मधलं सगळं यूट्यूबवर बघावं लागतं. ज्या प्रसंगाची ताकद सहा वर्षं जुन्या कंटेंटवर उभी आहे, त्याला फक्त ‘नवं’ म्हणून मोजता येत नाही. जुनं काढलं की नवंही पातळ होतं.

कंपनीची बाजू मी हसण्यावारी नेणार नाही, कारण मी स्वतः सॉफ्टवेअरवर पोट भरतो. पहिला मुद्दा आकाराचा. तेव्हा गेम ११५ जीबीच्या घरात गेला होता. खरं आहे. पण त्यावर उपाय असतो. बंजीनेच जन्माला घातलेल्या ‘हेलो’ मालिकेच्या ‘मास्टर चीफ कलेक्शन’मध्ये हवा तो भाग उतरवून घ्या, नको तो सोडा, अशी सोय आहे.

दुसरा मुद्दा खरा अवघड आहे. नवी शक्ती आणली की ती प्रत्येक जुन्या मिशनमध्ये तपासून बघावी लागते, आणि जुना कोड जितका जास्त तितके बग जास्त. हे दुखणं मला रोज भेटतं. पण आमच्याकडे एखादं जुनं मॉड्यूल बंद करायचं तर ते वापरणाऱ्याला आधी कळवतात, त्याचा डेटा काढून देतात, पर्याय दाखवतात. मोडतं म्हणून काढून टाकायचं आणि त्याच दिवशी नव्याचं बिल लावायचं, असं चालत नाही. जुन्या मोहिमेत नवी शक्ती चालावी असा कोणाचाच हट्ट नाही. आहे त्या रूपात गोठवून ठेवा. सर्व्हर लागतात, खर्च येतो, मान्य. मग ‘परवडत नाही’ असं म्हणा, आणि विकताना सांगा.

बंजीचा १९९४ चा ‘मॅरेथॉन’ हा शूटर आजच्या कॉम्प्युटरवर चालतो. कारण कंपनीने २००० मध्ये ‘मॅरेथॉन २’चा सोर्स कोड खुला केला आणि हौशी लोकांनी तो जपला. उलट २०१७ चं ‘रेड वॉर’ बघा. त्याची कथा आपल्या लेखनावरून उचलली, असा दावा एका लेखकाने अमेरिकेत कोर्टात केला. कथा काय होती हे दाखवायची वेळ आली तेव्हा बंजीकडे चालू शकेल असा गेम नव्हता. त्यांनी यूट्यूबवरचे व्हिडिओ पुढे केले. न्यायाधीशांनी ते विचारात घ्यायला नकार दिला आणि २०२५ मध्ये दावा फेटाळण्याची कंपनीची मागणीही नाकारली. ही ती तिजोरी. मालकालाच उघडता येत नाही.

आणि या सततच्या ‘नव्या’ची भूक बनवणाऱ्यांनाही सोडत नाही. ‘फायनल शेप’चं कौतुक ओसरायच्या आत, ३१ जुलै २०२४ ला बंजीने २२० जणांना कामावरून काढलं. म्हणजे सुमारे १७ टक्के माणसं. त्यामुळे ‘कंटेंट कमी आहे, आळशी डेव्हलपर’ असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. ती माणसं आळशी नव्हती. त्यांनी बांधलेलंच पाडून पुन्हा त्यांच्याकडून बांधून घेतलं जात होतं.

फोनवर बीजीएमआय खेळणाऱ्या कुणाला वाटेल, माझा काय संबंध? तुम्ही यूसी टाकून घेतलेली स्किनही दुसऱ्याच्या सर्व्हरवरच असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, की डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ म्हणून विकताना तो फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगावं. चांगलंय. पण परवाना किती दिवसांचा, हे त्याने कळत नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, ४० डॉलरच्या मोहिमेवर का नसावी? ‘ही मोहीम अमुक वर्षापर्यंत खेळता येईल’ एवढी एक ओळ छापा. मग घ्यायचं की नाही ते आमचं आम्ही ठरवू.

तोवर रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी एक काम करावं. नव्या मिशनच्या आकड्याशेजारी काढलेल्या मिशनचा आकडा लिहावा, आणि गुण वजाबाकी करून द्यावेत.