सभासद आहात का?



मागच्या महिन्यात आम्ही मुलांच्या हातातल्या मोबाइलबद्दल लिहिले होते. त्यावर बऱ्याच अम्मींनी एकच सवाल केला: "मोबाइल काढून घेतला, आता त्याच्या हातात द्यायचे काय?" उत्तर आमच्याच वर्गातल्या एका मुलाने दिले. पण त्या उत्तरामुळे आम्हीच कोड्यात पडलो.

मुलगा आठवीत आहे. वडिलांचे निफाडमध्ये मोटारसायकल दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. आपल्या तालुक्यातल्या मुलांना विमानाचे वेड लागले तर नवल नाही. ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ पासून आहे. आधी तिथे मिग बनले, मग सुखोई बनले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तयार झालेले पहिले तेजस मार्क १ए आकाशात झेपावले. गणिताच्या तासाला वरून आवाज आला की अर्धा वर्ग खिडकीकडे पाहतो. या मुलाने नुसते पाहिले नाही. थर्माकोल कापून, छोटी मोटर बसवून त्याने हातभर पंखांचे विमान बनवले. त्याचा जिगरी दोस्त द्राक्ष बागायतदाराच्या घरातला. त्याच्याकडे २५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा लहानसा ड्रोन होता. दोघांची जोडी जमली.

आता उडवायचे कुठे? नाशिकजवळ एका मोकळ्या जागी काही हौशी मंडळी रविवारी रिमोटवरची विमाने उडवतात, असे त्यांना कळले. एका रविवारी आम्हीच दोघांना घेऊन गेलो. धावपट्टी साफ केलेली, एका कडेला टेबल, त्यावर विमाने ओळीने मांडलेली. मुलांचे डोळे चमकले. तेवढ्यात एक गृहस्थ पुढे आले आणि अदबीनेच म्हणाले, "सभासद आहात का?" नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितले की वर्षाची वर्गणी भरावी लागते आणि दोन जुन्या सभासदांची ओळख लागते. ड्रोनवाल्यांना तर सध्या घेतच नाही. मुलांनी कुंपणाबाहेरून तासभर पाहिले आणि आम्ही परतलो.

बसमध्ये मुलाने विचारले, "आकाशाला पण मेंबरशिप लागते का?"

आम्हाला तेव्हा उत्तर सुचले नाही. घरी येऊन नियम वाचले. आपल्या देशात या बाबतीत २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. ते २५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. ड्रोन किंवा मॉडेल विमान उडवण्यासाठी एखाद्या क्लबचे सभासद असले पाहिजे, अशी अट त्यांत नाही. उलट शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी, डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला नियमांत वेगळी जागा दिली आहे. अशा मॉडेलला कारखान्यातून येणाऱ्या ड्रोनसारखे प्रकार प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला 'नॅनो' म्हणतात. तो उडवायला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो' धंद्यासाठी नसेल, तर त्यालाही ते लागत नाही. धंद्यासाठी उडवायचे असेल, तर मात्र प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र हवे. त्यासाठी वय किमान १८ आणि शिक्षण किमान दहावी पास.

म्हणजे कायदा सभासदत्व विचारत नाही. कायदा विचारतो ते निराळेच: कुठे उडवता, किती उंच उडवता आणि ड्रोन कोणाच्या नावावर आहे? 'डिजिटल स्काय' नावाचा सरकारी नकाशा आहे. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग दाखवले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. त्याहून जवळ विनापरवाना उडवताच येत नाही. निफाड गाव ओझरच्या विमानतळापासून वीसेक किलोमीटरवर आहे. पिंपळगाव बसवंत मात्र १२ किलोमीटरच्या आत येते. म्हणजे एकाच तालुक्यात मामाच्या गावी जे चालते, ते आत्याच्या गावी चालेलच असे नाही. दर वेळी नकाशा पाहायचा. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्यही आपल्याच तालुक्यात. २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याला मान मिळाला. हजारो कोस उडून आलेल्या त्या पाहुण्यांच्या डोक्यावर वन खात्याच्या परवानगीशिवाय काहीही उडवायचे नाही. शिवाय बंदोबस्ताच्या दिवसांत पोलीस तात्पुरती बंदी घालतात, तीही पाळायची. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे.

परदेशात आपली माणसे असलेल्या घरांसाठी एक गोष्ट खास सांगतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आणायला बंदी आहे. या मुलाचे मामू आखातात असतात. ते येताना ड्रोन आणणार होते. आम्ही वेळीच थांबवले, नाहीतर भाच्याची भेट विमानतळावरच राहिली असती.

मग कायद्यात नाही, तर त्या मैदानाने सभासदत्व का मागावे? आम्ही रागातच होतो. पुढच्या रविवारी एकटेच गेलो आणि तिथल्या एका बुजुर्गांशी बोललो. त्यांनी जे सांगितले, त्याने राग निम्मा उतरला.

ते म्हणाले, पूर्वी रिमोटच्या फ्रिक्वेन्सी मोजक्या होत्या. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन रिमोट सुरू झाले, की दुसऱ्याचे विमान सरळ खाली. म्हणून मैदानावर एक फळी असायची आणि तिला चिमटे लावलेले असायचे. आपल्या फ्रिक्वेन्सीचा चिमटा हातात आल्याशिवाय रिमोटला हात लावायचा नाही. अनोळखी माणूस न विचारता आला आणि त्याने बटण दाबले, तर कोणाची तरी वर्षाची मेहनत चक्काचूर. नवे रिमोट आपली वाट आपण शोधतात, त्यामुळे तो धोका आता उरला नाही, पण सवय उरली. दुसरे कारण असे की विमाने धावपट्टीभोवती ठरलेल्या दिशेने घिरट्या घालतात आणि ड्रोन मध्येच एका जागी थांबून राहतो. दोन्ही एकाच वेळी वर असले, तर टक्कर ठरलेली. तिसरे कारण पैशाचे. कोणाच्या डोक्यावर पडले, तर भरपाई कोण देणार?

हा शेवटचा मुद्दा जगभर आहे. अमेरिकेत १९३६ साली मॉडेल विमानवाल्यांची अकादमी स्थापन झाली. तिच्याशी जोडलेल्या क्लबांच्या मैदानांवर सहसा सभासदत्व मागतात, कारण सभासदाला अकादमीकडून २५ लाख डॉलरपर्यंतचे दायित्व विमासंरक्षण मिळते आणि जमीनमालकही निश्चिंत राहतो. तिथल्या सरकारचे म्हणणे मात्र वेगळे. हौसेने उडवणाऱ्याने मान्यताप्राप्त संस्थेचे सुरक्षेचे नियम पाळावेत, एक मोफत परीक्षा द्यावी. संस्थेचा सभासद असण्याची सक्ती नाही. म्हणजे आकाशाचा कायदा एक आणि मैदानाच्या मालकाचा नियम दुसरा. मैदान ज्याचे, त्याची इजाजत घ्यावी लागणारच. दुसऱ्याच्या घरी सलाम करून, आत येऊ का विचारून पाऊल टाकायचे, हे आपण मुलांना चालायला शिकवतानाच शिकवतो.

इथवर आमचे समाधान झाले होते. पण गोष्ट इथे संपली नाही.

मैदान मिळाले नाही, म्हणून दोघे पोरे एका संध्याकाळी गावाबाहेर शेताच्या बांधावर गेली. ड्रोनचा लाल-हिरवा दिवा दिसताच माणसे जमली. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना भागात रात्री ड्रोन फिरतात, चोर पाहणी करतात, अशी बातमी पसरली होती आणि लोक रात्र रात्र जागत होते. ती भीती अजून मनातून गेलेली नाही. लोकांनी पोरांना घेरले आणि नावे विचारली. पहिल्याने नाव सांगितले, तेव्हा कोणी काही बोलले नाही. दुसऱ्याने सांगितले, तेव्हा क्षणभर शांतता झाली आणि मग प्रश्न वाढले. कुठे राहतोस? हे कोणी दिले? फोटो कशाचे काढत होतास? खरे तर ड्रोन पहिल्याचा होता. त्यानेच हात जोडून सांगितले, "हा माझा मित्र आहे, ड्रोन माझा आहे." त्याचे काका धावत आले आणि प्रकरण मिटले. कोणी हात उगारला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

रात्री मुलाच्या वडिलांनी विमान कपाटावर ठेवून दिले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "आपल्या पोराला नाव दोनदा सांगावे लागते. असला शौक आपल्याला परवडत नाही." मुलाची दादी ओट्यावर होती. ती म्हणाली, "मग काय, घरात कोंडून ठेवणार? मोबाइल देणार?"

आम्ही दादीच्या बाजूचे. पण वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. तेव्हा आम्हाला त्या "सभासद आहात का?" या सवालाचा दुसरा अर्थ कळला. सभासद असणे म्हणजे तुमच्यासाठी उभे राहून "हा आमचा आहे" असे म्हणणारे कोणीतरी असणे. बांधावर ते काम एका तेरा वर्षांच्या मित्राने केले. ते मोठ्यांनी करायला हवे होते.

आपल्या निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी न्यायमूर्ती रानडे जन्मले. पुण्याच्या ज्या सार्वजनिक सभेला त्यांनी पुढे बळ दिले, तिचा सभासद होण्यासाठी किमान ५० माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे सभासद एकटा नसे, त्याच्या मागे ५० माणसे उभी असत. दोन जुन्या सभासदांची ओळख मागणारे मैदान आणि ५० सामान्य माणसांचा विश्वास मागणारी सभा, यांत फरक आहे. पहिल्या अटीने नव्याला दार बंद होते, दुसरीने सभासद लोकांशी जोडला जातो.

म्हणून आम्ही असे केले. दोन्ही मुलांच्या पालकांना एकत्र बसवले. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला: रविवारी सकाळी ७ ते ९ शाळेचे मैदान द्यावे. वर्गणी नाही, शिफारस नाही. पण वहीत नाव, पत्ता, पालकाची सही आणि यंत्राचे वजन लिहायचे. पहिला तास विमानांचा, दुसरा ड्रोनचा. मैदानाची हद्द ओलांडायची नाही. कोणाच्या गच्चीवर, अंगणात कॅमेरा वळवायचा नाही. आपल्या आया-बहिणी गच्चीवर कपडे वाळत घालतात, तशाच शेजाऱ्यांच्याही. द्राक्षबागेच्या तारा आणि वाळलेला चारा यांपासून लांब राहायचे, कारण लिथियमची बॅटरी फुटली तर आग लागते. अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यात दिली. मुख्याध्यापकांनी तूर्त चार रविवार दिले आहेत. पुढचे पाहून ठरवू म्हणाले. नगरपंचायतीकडे कायमच्या जागेचा अर्ज केला आहे, त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

पहिल्या रविवारी पाच मुले आली, त्यांत दोन मुली. थर्माकोलचे विमान तीनदा नाकावर आपटले, चौथ्यांदा वर गेले. मुलाचे वडील गॅरेज उशिरा उघडून आले होते. कडेला हाताची घडी घालून उभे होते, काही बोलले नाहीत. जाताना मात्र वहीत त्यांनी पालकाची सही केली आणि वाकलेला मोटरचा दांडा सरळ करायला घेऊन गेले.

वाचकहो, ज्यांच्या घरात असे वेड शिरले आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे. मुलाला गुपचूप उडवू देऊ नका आणि भीतीने कपाटावरही ठेवायला लावू नका. आधी नकाशा पाहा. ड्रोनची नोंदणी करून क्रमांक घ्या, त्याचे शुल्क १०० रुपये आहे. २५० ग्रॅमहून जड असेल तर विमाही लागतो. जागेच्या मालकाची लेखी इजाजत घ्या. एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल विमाने बनवायला आणि उडवायला शिकवतात; मुलाच्या किंवा मुलीच्या शाळा-कॉलेजात ती असेल तर नाव घाला. शहरातल्या क्लबची वर्गणी परवडत असेल तर जरूर सभासद व्हा, तिथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि काहीच नसेल, तर गावातल्या चार घरांना सोबत घेऊन एक वही उघडा. ती चार घरे एकाच मोहल्ल्यातली नसली तर फार बरे.

आणि हो, रविवारी सकाळी तासभर स्वतः मैदानावर जाऊन उभे राहा. मुलाला कोणी नाव विचारले, तर शेजारी "हा आमचा आहे" म्हणणारे कोणीतरी असू द्या.