पहिल्या रकान्यात शिवणकामच का?

मुलींना जड काम झेपत नाही, हे वाक्य निदान सिंदेवाहीत तरी कुणी बोलू नये. इथल्या धानाची रोवणी बायका करतात, गुडघाभर चिखलात, दिवसभर वाकून. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला आणि तेंदूपाने तोडायला पहाटे जंगलात त्याच जातात. मे २०२५ मध्ये याच तालुक्यातल्या मेंढामालच्या तीन बायका तेंदूपाने तोडायला गेल्या आणि एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. म्हणून बाकीच्यांचं जंगलात जाणं थांबलं नाही, कारण पोट थांबत नाही. पण त्याच घरातली दहावी झालेली पोरगी म्हणाली, "मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय," की साऱ्या घराला तिच्या जिवाची काळजी लागते. खांबावर चढावं लागतं म्हणे!

मला हा ढोंगीपणा वाटतो. आणि तो एकट्या आईबापांचा नाही.

सरकारी कागद बघा, किती सुंदर. आयटीआयमध्ये मुलींना ३० टक्के जागा राखीव. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात तर स्वच्छ लिहिलं आहे की व्यवसाय शिक्षणातला बाईचं काम, पुरुषाचं काम हा भेद मोडायचा. त्याच धोरणाने १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकचे २५ टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचं ठरवलं होतं. ते काही झालं नाही. मग २०२० चं धोरण आलं, त्यात निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यायची म्हटलं आणि मुदत २०२५ ची दिली. टक्का वाढवायला पैसे लागत नाहीत. राखीव जागेवर मुलगी आली नाही की ती त्याच प्रवर्गातल्या मुलाला मिळते, आणि साहेब म्हणायला मोकळे, "मुलीच येत नाहीत हो."

येतात. पण त्यांना पाठवलं कुठे जातं? शिवणकाम, ब्युटी पार्लर, फार तर कॉम्प्युटर. प्रॅक्टिकल संपून जंगलातल्या गावाला परतायला संध्याकाळी एसटी आहे का, वर्कशॉपजवळ मुलींचं स्वच्छतागृह आहे का, हे कुणी विचारत नाही. एसटीची वेळ बदलणं अवघड, मुलीचा ट्रेड बदलणं सोपं.

शिवणकामाला मी कमी लेखत नाही. आमच्या मोहल्ल्यात कित्येक घरांची चूल त्या मशीनवर पेटते. पण जरा हिशेब करा. शिवणाचा ट्रेड एक वर्षाचा, पुढे गल्लीत ब्लाऊज शिवायचे, जिथे आधीच चौघी शिवतात. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, आणि त्या प्रमाणपत्रावर महावितरणच्या भरतीचा अर्ज भरता येतो, रेल्वेचाही. महावितरणमध्ये आज बायका लाइनवर काम करतात. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकल्या आणि १९८० च्या दशकात रेल्वेच्या इंजिनात चढल्या. आपल्या गावावरूनही गोंदिया-बल्लारशाची गाडी जातेच की.

आमच्यात एक जादा युक्तिवाद आहे. शिवण घरी बसून होतं, परदा राहतो. सच्चर समितीने २००६ मध्येच मुस्लिम वस्तीच्या भागात आयटीआय काढा, आठवी झालेल्यांनाही तांत्रिक शिक्षण द्या, असं सुचवलं होतं. त्या अहवालावर आमच्या पुढाऱ्यांनी जोरदार तकरीरी केल्या. मग मुलींसाठी काय केलं? चार शिवणयंत्रं वाटली आणि फोटो काढले. एका बापाने मला समजावलं, "भाई, सिलाई सीखी तो ससुरालमें भी काम आती." बिजली ससुरालमध्ये नसते काय?

पण या पोरींचं नशीब ठरतं कॅफेतल्या खुर्चीवर. आयटीआयचा अर्ज ऑनलाइन आहे, ट्रेडचे पर्याय पसंतीच्या क्रमाने भरावे लागतात. पहिला पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. आणि तो पहिला पर्याय बहुतेक वेळा कॅफेवाला टाकतो, पोरीचं तोंड बघून. बाप बाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो, मास्तरांनी दाखला दिला की त्यांचं काम संपलं. आता अर्ज सुरू होतील. या वेळी बापाने आत यावं, मास्तरांनीही यावं, आणि बटण दाबण्याआधी पहिल्या रकान्यात काय लिहिलं आहे ते पोरीला मोठ्याने वाचायला सांगावं.