स्टेबल म्हणजे तबेला

बाप अकोल्याच्या दवाखान्यात, काचेआड. डॉक्टर बाहेर आला नि म्हणाला, "पेशंट स्टेबल आहे." मायनं मले इचारलं, "म्हंजे थे बरे झाले काय?" मी मॅट्रिक, इंग्रजी तेवढीच. पण एवढं कळलं की स्टेबल म्हणजे बरा नाही. आणखी बिघडत नाही, एवढंच. तीन दिवसांनी बाप उठून बसला तेव्हा माय हसली. स्टेबलवर हसली नव्हती.

मित्रांनो, हाच शब्द हे लोक अख्ख्या देशाला लावतात.

मी डिक्शनरी उघडली. स्टेबल: एक, स्थिर. दोन, घोड्याचा तबेला. स्पेलिंग एकच, मूळही एकच, 'उभं राहणं' या अर्थाचा लॅटिन धातू. घोडा दावणीला आहे, वैरण खातो, लाथ मारत नाही. मालकाच्या लेखी सगळं स्टेबल. घोड्याला कुणी विचारलं?

आता यांची चलाखी बघा. शांतता, सुव्यवस्था, कायमपणा, स्थैर्य. चार वेगळे शब्द एकाच पोत्यात भरून आपल्या पाठीवर देतात. पोतं फोडू.

नोव्हेंबर २०२१. अमरावतीत दगडफेक, जाळपोळ. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद. अशा वेळी पेपरवाल्यांचा ठेवणीतला शब्द येतो: तणावपूर्ण शांतता. शब्दच कबुली देतो! रस्ता गप्प, आणि हातावर पोट असलेल्याची चूलही गप्प. याला सुव्यवस्था म्हणा हवं तर. काठी उचलताच जे कोसळतं ते स्थिर नव्हतंच, त्याला टेकू होता.

कायमपणाचं ऐका. मी मुंबईच्या गोदीत हमाल. पूर्वी तिथं टोळीवाला रोज सकाळी जनावरं निवडावी तशी माणसं निवडायचा. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानं नाव नोंदलं जाऊ लागलं, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. मग १९९७ साली दुसरा कायदा आला नि मोठ्या बंदरांतून तो पहिला कायदा उठवायची वाट मोकळी झाली. आज मी कंत्राटावर. मुकादम म्हणतो, काम स्टेडी आहे. खरंय साल्याचं. काम कायम आहे, कामगार कायम नाही.

आता स्थैर्य. ते मला जहाजानं शिकवलं. चांगलं जहाज लाटेवर डुलतं, कलतं, पुन्हा सरळ होतं. त्याला स्थिर म्हणतात. गाळात रुतलेलं जहाज तसूभर हलत नाही. पण ते रुतलंय, मेलंय. आणि तळ रिकामा ठेवून सगळा माल वर रचला की जहाज कलंडतं, हे गोदीतल्या पोरालाही कळतं. या देशानं सगळा माल वरच्या डेकवर रचलाय. वर आपल्यालाच दम देतात, हलू नका, जहाज बुडेल!

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना दोन शब्द तराजूत घातले: स्थैर्य नि जबाबदारी. सरकारला दोन्ही हवं, पण दोन्ही सारख्या मापात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते, इंग्लंडची जबाबदारी जास्त. मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलं, कारण तिथं सरकारला रोजच्या रोज जाब विचारता येतो. हे माप आज कोण वाचतो? इलेक्शन आलं की वस्तीत हाळी, 'स्थिर सरकार द्या!' २०१९ च्या निवडणुकीनंतर पाच वर्षांत महाराष्ट्रानं तीन मुख्यमंत्री पाहिले. खुर्च्या हलल्या. आपल्या वस्तीतला कोरडा नळ मात्र जागचा हलला नाही. एवढं स्थैर्य आपल्या वाट्याला नेहमीच भरपूर.

'प्रस्थापित' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. इंग्रजीत एस्टॅब्लिशमेंट. तोही स्टेबलच्याच घरातला. आपल्याकडचा धातू 'स्था', म्हणजे उभं राहणं. त्याच धातूचा 'विस्थापित'. मेळघाटातली कोरकू गावं वाघासाठी उठवली, खाली अकोटकडे आणून टाकली. एकाला उभं राहायला जागा हवी म्हणून दुसरा उठवला जातो. व्याकरण यांचं पक्कं आहे.

तेव्हा दोस्तांनो, कुणी माइकवरून स्थैर्य म्हटलं की टाळ्या पिटू नका. माझ्या मायसारखं उभं राहून विचारा, "म्हंजे, बरं झालं काय?"