शिष्योपनयन झाले, योग्येचे काय?

आयुर्वेद महाविद्यालयांत प्रथम वर्षाचे विद्यार्थी दाखल झाले की धन्वंतरिपूजन होते, मान्यवरांची भाषणे होतात आणि पालकांच्या साक्षीने शिष्योपनयनाचा विधी पार पडतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय ‘शिष्योपनयनीय’ याच नावाचा असल्याने या विधीला परंपरेचे अधिष्ठान आहे. परंतु त्याच सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ आहे, याचे स्मरण आपणांस क्वचितच होते. शास्त्र अधीत केलेल्या शिष्याकडूनही योग्या, म्हणजे प्रत्यक्ष हाताने केलेला अभ्यास, करवून घ्यावी. पुष्कळ ऐकले-वाचले तरी ज्याने योग्या केली नाही तो कर्मास अयोग्य, असा त्या अध्यायाचा आशय आहे. छेद्यकर्मासाठी भोपळा व काकडी, सीव्यकर्मासाठी वस्त्र व मऊ चामडे, बंधनासाठी कृत्रिम मनुष्याकृती, अशी साधनेही तेथे सांगितली आहेत. ज्या साधनाशी आयुष्यभर व्यवहार करावयाचा, ते रुग्णासमोर प्रथमच हाती घेऊ नये, हे त्यातले तत्त्व.

या अध्यायाची आठवण प्रस्तुत लेखकास एका वेगळ्याच निमित्ताने झाली. आमच्या एका जुन्या रुग्णाचा मुलगा बी.ए.एम.एस.च्या प्रथम वर्षास लागला. घराण्यातील पहिलाच पदवीचा विद्यार्थी. प्रवेशाचे सर्व अर्ज तालुक्याच्या गावी एका संगणक केंद्रात भरले होते. तेथील चालकाने मुलाच्या नावाचे ई-मेल खाते काढले, ते स्वतःच्या भ्रमणध्वनीला जोडले आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठी पुढे हरवली. महाविद्यालयाने तोच पत्ता नोंदवून घेतला. शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीपूर्तीसाठी परत आला, तेव्हा त्याची सूचना त्याच पत्त्यावर गेली. चालकाने दरम्यान दुकान बंद केले होते. मुदत टळल्यावर मुलाला बातमी कळली आणि वडिलांनी शुल्काचा हप्ता व्याजाने पैसे उचलून भरला. मुलगा खाली मान घालून म्हणाला, “काका, हे सगळं मला येतं असंच सर्वांना वाटत होतं. मग विचारायची लाज वाटली.”

दोष कोणा एकाचा नव्हता. संगणक केंद्रचालकाने आपल्या परीने साहाय्यच केले होते. महाविद्यालयाने दिलेला पत्ता लिहून घेतला होता. तथापि विद्यार्थ्याचे खाते हे विद्यार्थ्याच्याच हाती असले पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्याला प्रत्यक्ष करून दाखविण्याचे दायित्व कोणाकडेच नव्हते.

आजच्या वैद्यकीय शिक्षणात हे खाते म्हणजे गौण बाब राहिलेली नाही. २०२० च्या कायद्यान्वये राष्ट्रीय भारतीय चिकित्सापद्धती आयोग २०२१ मध्ये कार्यरत झाला आणि २०२२ मध्ये त्याने पदवी अभ्यासक्रमाचे नवे विनियम लागू केले. त्यांनुसार प्रत्येक व्यावसायिक सत्रात विद्यार्थ्याने तीन ऐच्छिक विषय ऑनलाइन पद्धतीने पूर्ण करावयाचे असून प्रत्येक विषय ४५ तासांचा आहे. महाराष्ट्रात शुल्क-प्रतिपूर्ती व शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरावे लागतात आणि रक्कम आधार-संलग्न बँक खात्यातच जमा होते. गुणपत्रके व प्रमाणपत्रे डिजिलॉकरमध्ये ठेवण्याची सोय २०१५ पासून उपलब्ध आहे. पुढे व्यवसायात पदार्पण केल्यावर आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या आरोग्य व्यावसायिक नोंदवहीत नाव घालावयाचे, तेही भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक अंकांच्या आधारेच. ज्या क्रमांकावर तो अंक येतो तो शेतावर असलेल्या वडिलांचा असेल, तर मुलगा वसतिगृहात आणि अंक बांधावर, अशी अवस्था होते. ही गैरसोय पहिल्याच आठवड्यात दूर करता येते. चौथ्या वर्षी ती दूर करणे फार कष्टाचे ठरते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, आजची मुले जन्मतःच भ्रमणध्वनी घेऊन येतात, त्यांना काय शिकवावयाचे? हा आक्षेप वरवरचा आहे. बोटे भराभर चालणे निराळे आणि साधनाचे ज्ञान असणे निराळे. चित्रफिती पाहण्यात निपुण असलेल्या विद्यार्थ्यास युनिकोड देवनागरीत एक परिच्छेद टंकित करावयास सांगावे. पुष्कळांची गती तेथेच कुंठित होते. कित्येक जण अद्याप ‘शिवाजी’ अथवा ‘कृतिदेव’ यांसारख्या जुन्या टंकांत मजकूर तयार करवून घेतात. तो मजकूर कागदावर सुबक दिसतो. पण यंत्राच्या दृष्टीने तो रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह असतो. त्यात ‘ज्वर’ शोधला तर ज्वर सापडत नाही. असा विद्यार्थी उद्या पदव्युत्तर प्रबंध लिहील, तेव्हा त्याचे परिश्रम कोणाच्याही शोधात येणार नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर असून तो आमच्या ज्येष्ठ वैद्यबंधूंचा आहे. यंत्र हाती आले की पाठांतर सुटते, संस्कृतचा कंटाळा येतो आणि सूत्रे मुखोद्गत असलेला वैद्य दुर्मीळ होतो, असे ते म्हणतात. ही चिंता रास्त आहे. परंतु अनुभव असा की, संस्कृत न येणाऱ्यास यंत्रही साहाय्य करीत नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान वारसा संस्थेने चरक व सुश्रुत संहिता, माधवनिदान आणि निघंटू यांच्या ई-आवृत्त्या सिद्ध केल्या आहेत व त्या विनामूल्य पाहता येतात. अशा कोणत्याही देवनागरी संहितेत विद्यार्थ्याने ‘अग्नि’ हा शब्द अक्षरशः शोधला, तर ‘जाठराग्नि’ त्याच्या हाती लागेलच असे नाही. संधीमुळे आरंभीचा ‘अ’ मागील अक्षराच्या काना-रूपात विलीन झालेला असतो आणि यंत्र तर अक्षरे जुळवूनच शोध घेते. ‘ग्नि’ एवढाच अंश शोधावा, हे ज्याला संधी ठाऊक आहे त्यालाच सुचते. ‘आम’ शोधणाऱ्याला ‘साम’ हे रूप निराळे शोधावे लागते, तेही याच कारणाने. तात्पर्य, व्याकरण आणि यंत्र यांचे वैर नाही; व्याकरणाचा उपयोग प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास पटवून देण्याचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

अलीकडे या चिंतेत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवादी प्रणालींना विद्यार्थी श्लोक व संदर्भ विचारतात. या प्रणाली आत्मविश्वासाने स्थान, अध्याय आणि श्लोकांक सांगतात. मूळ ग्रंथ उघडला असता तेथे भलतेच काही असते, अथवा तो श्लोकच अस्तित्वात नसतो. यावर बंदी घालून उपयोग नाही, कारण बंदी पाळली जाणार नाही. सांगितलेला प्रत्येक संदर्भ मूळ संहितेत ताडून पाहण्याची सवय पहिल्या महिन्यातच लावणे हाच त्यावरील उपाय. आप्तोपदेश कोणाचा मानावा आणि कोणाचा मानू नये, हा विवेक आपल्या शास्त्राला नवा नाही.

औषधी विक्रेत्या बंधूंनी ‘हा प्रश्न महाविद्यालयांचा, आमचा काय संबंध?’ असे म्हणू नये. आंतरवासिता करणारे तरुण व्हॉट्सअ‍ॅपवर औषधयोजनेचे छायाचित्र पाठवितात, हा त्यांचा नित्याचा अनुभव असेल. त्यात नुसते ‘ब्राह्मी’ लिहिलेले असते; ती बाकोपा समजावी की मंडूकपर्णी, याचा निर्णय गल्ल्यावर बसलेल्याने करावयाचा. ‘शंखपुष्पी’ची कथा याहून वेगळी नाही. वत्सनाभ, भल्लातक, जयपाल ही द्रव्ये तर औषध नियमांच्या परिशिष्ट ‘ई-१’ मध्ये विषद्रव्यांत गणली असून, ती असलेले कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावेत अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. अशा कल्पांची मागणी नाव, मात्रा, दिनांक व स्वाक्षरी नसलेल्या छायाचित्रावर पुरी करणे विक्रेत्यासही धोक्याचे आणि रुग्णासही. ही ढिलाई आंतरवासितेत उत्पन्न होत नाही. पहिल्या वर्षी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सर्व काही टाकण्याची जी सवय जडते, तिचेच हे फळ होय. त्याच गटावर पुढे रुग्णाच्या व्रणाचे छायाचित्र चेहऱ्यासह फिरते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहेच. परंतु रुग्णाचे गुह्य राखणे हा आपला धर्म कायद्याहून पुष्कळ जुना आहे.

आणखी एक कारण आहे. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ हे संकेतस्थळ सुरू करून आयुर्वेदीय व्याधींना प्रमाणित संज्ञा व सांकेतांक दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधिसंज्ञांचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. आपल्या ‘आमवाता’ची वा ‘ग्रहणी’ची नोंद आपल्याच नावाने होण्याची ही संधी अनेकांच्या परिश्रमांतून लाभली आहे. ती नोंद करणार कोण? आज जो विद्यार्थी प्रथम वर्षात आहे तोच. त्याला सांकेतांकाची भीती वाटली, तर आकडेवारीत आयुर्वेद उणाच दिसेल आणि आपण पुन्हा उपेक्षेची तक्रार करीत बसू.

मग करावे काय? नव्या विनियमांत प्रथम वर्षाच्या आरंभी किमान पंधरा कार्यदिवसांचा प्रास्ताविक कार्यक्रम सांगितला आहे. संस्कृत, प्रथमोपचार व मूलभूत जीवरक्षण यांना त्यात स्थान आहे. त्यातील तीन दिवस या योग्येसाठी द्यावेत, अशी आमची सूचना आहे. व्याख्यान नको; प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करावयाचे काम हवे. पहिल्या दिवशी स्वतःच्या नावाचे खाते, स्वतःचा क्रमांक, सहज न ओळखता येणारा पासवर्ड, दुहेरी पडताळणी, डिजिलॉकर आणि शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः उघडून त्याची सद्यःस्थिती पाहणे. दुसऱ्या दिवशी युनिकोड देवनागरीत टंकन आणि ई-संहितेत पाच शब्दांचा संधीसह शोध. तिसऱ्या दिवशी रुग्णाच्या माहितीची गुप्तता, औषधयोजना लिहिण्याची शिस्त आणि सांकेतांकांची तोंडओळख. शेवटी शिक्षकाने प्रत्येकाचे काम तपासावे आणि ज्याचे अपुरे राहिले त्यास पुन्हा बसवावे. यास स्वतंत्र निधी लागत नाही. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना साहाय्यास घेतले तर अध्यापकांवरील भारही हलका होतो आणि लाजणारा मुलगा मोकळेपणाने विचारतो.

महाविद्यालयांची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. आपल्या संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेत संगणक असलेली औषधालये आहेत. वस्तू व सेवा कराच्या निमित्ताने त्यांचे मालक हे व्यवहार रोज करीतच असतात. आपल्या गावातून दरवर्षी जे एक-दोन विद्यार्थी आयुर्वेदास जातात, त्यांना प्रवेश निश्चित होताच एका रविवारी बोलावून घ्यावे. त्यांचे खाते त्यांच्याच हाताने, त्यांच्याच क्रमांकावर उघडवावे आणि पासवर्ड आपण पाहू नये. दोन तासांचे हे काम आहे. त्यासाठी शुल्क घेऊ नये, हे सांगावयास नको.

व्याजाने उचललेला तो हप्ता अद्याप फिटावयाचा आहे. मुलगा मात्र आता आपला अर्ज आपण भरतो, इतकेच नव्हे तर वसतिगृहातील चौघांनाही शिकवितो. गुरूने हाताला धरून एकदा करवून घेतले की शिष्य पुढे स्वतःच चालू लागतो. येत्या सत्रारंभी आपापल्या शाखेने असा एक रविवार ठरवावा आणि त्याचा वृत्तान्त या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावा, ही सर्व सभासदांस नम्र विनंती.