संत्र्याच्या पांढऱ्या दोऱ्यांचे मोल

संत्रे सोलताना फोडींवरचे पांढरे दोरे तुम्ही ओढून टाकता ना? काटोल, नरखेड, वरुडकडे ज्यांच्या स्वतःच्या बागा आहेत, त्यांच्या घरीसुद्धा हेच चालते. आणि त्याच घरातले कोणी कामानिमित्त नागपूरला गेले, की 'तारुण्य टिकवणाऱ्या' कॅप्सूलची बाटली घेऊन येते. बाटलीवर छापलेले असते : वनस्पतींतील पॉलिफेनॉल, उत्तम अँटिऑक्सिडंट. शब्द भारदस्त, किंमत त्याहून भारदस्त!

शब्द नवा असला तरी वस्तू तुमच्या घरातलीच आहे. आवळा, जांभूळ, सुपारी किंवा कोरा चहा यांनी जीभ आवळते, ती तुरट चव मुख्यतः पॉलिफेनॉलची. जांभळाचा बोटांना लागणारा रंग त्याच कुळातला. चिरलेले वांगे काळे पडू नये म्हणून तुम्ही पाण्यात टाकता. तो काळेपणाही वांग्यातले पॉलिफेनॉल आणि हवेतला प्राणवायू यांच्या संयोगाने येतो. झाड हे पदार्थ कीड, बुरशी आणि कडक ऊन यांपासून स्वतःला जपण्यासाठी करते. आपल्या सुरकुत्यांची काळजी त्याला कशाला असणार!

संत्र्यातले पॉलिफेनॉल म्हणजे हेस्पेरिडिन. 1828 साली लेब्रेटन या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ते लिंबूवर्गीय फळांच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातून वेगळे काढले. तुम्ही फेकता त्या दोऱ्यांतही ते भरपूर असते.

आता म्हातारपणाशी याचा संबंध कसा जोडला गेला ते पाहा. 1956 साली अमेरिकेतील डॉ. डेनहॅम हरमन यांनी मांडले, की शरीरात प्राणवायू वापरला जाताना काही उपद्रवी कण तयार होतात, ते पेशींना इजा करतात आणि त्यातून वार्धक्य येते. काचेच्या नळीत पॉलिफेनॉल अशा कणांना निकामी करते. झाले, विक्रेत्यांना एवढे पुरले! पण पोट म्हणजे काचेची नळी नव्हे. हेस्पेरिडिन लहान आतड्यात फारसे शोषले जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला जोडलेली साखर तोडतात, तेव्हा थोडेसे रक्तात जाते. तेही यकृत रूप पालटून लवकरच बाहेर घालवते. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांची नळीतली ताकद मोजून तक्ते केले होते. त्या आकड्यांचा शरीराशी मेळ बसत नाही आणि जाहिरातीत त्यांचा गैरवापर होतो, म्हणून 2012 साली ते मागे घेतले.

अशा कॅप्सूलने माणसाचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. उलट हिरव्या चहाच्या अर्काबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 साली इशारा दिला, की त्यातले मुख्य पॉलिफेनॉल पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक गेले, तर यकृताला अपाय होऊ शकतो. आजोबा आधीच रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे घेत असतील, तर बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

व्यापारी उचलत नाही ती चुरीची संत्री घरी असतातच. ती दोऱ्यांसकट खा. चोथा मिळतो, हेस्पेरिडिनही आपल्या बेताने जाते. मात्र सालीची भुकटी करून खाण्याचा उपद्व्याप फवारणी झालेल्या बागेच्या फळांवर करू नका.

घरातल्या बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. हेच तुरट पदार्थ डाळी-भाज्यांतले लोह पकडून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. ज्यांना रक्त कमी असल्याचे सांगितले आहे, त्यांनी भाकरीबरोबर चहा घेऊ नये. जेवण आणि चहा यांत तासभर तरी अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर तर चहा नकोच. पालेभाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवणानंतर एक संत्रे खावे, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते.