गॅसचा वास उशिरा का येतो?

मैत्रिणींनो, संध्याकाळी तुम्ही बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसला आहात आणि मधेच गॅसचा पुसटसा वास येतो. तुम्ही विचारता, "अहो, गॅसचा वास येतोय का हो?" पेपरातून मान वर न करताच उत्तर येतं, "छे! तुला उगाच वाटतं." मग तुम्हालाही वाटतं, असेल बाई आपला भास, आणि तुम्ही पुन्हा भाजीला लागता. वास थोडा म्हणजे गळतीही थोडीच, असा आपला सरळ हिशेब असतो. पण हा हिशेब चुकीचा आहे, आणि कधी कधी तो जिवावर बेततो. तो का चुकतो, ते आज पाहू या.

हवा काय किंवा सिलिंडरमधला गॅस काय, सगळं असंख्य बारीक रेणूंचं बनलेलं असतं आणि हे रेणू क्षणभरही स्वस्थ बसत नाहीत. आपल्या खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावत असतात. प्रवासी विमानसुद्धा त्यांच्या मागे पडेल! सिलिंडरमधल्या गॅसचे रेणू जरा जड, म्हणून थोडे सावकाश. तरी सेकंदाला ३०० ते ४०० मीटर. पदार्थ जितका गरम, तितकी ही धावपळ जास्त. कुकरमधे दाब वाढतो तोही वाफेचे रेणू आतून भांड्यावर सारखे आदळत असतात म्हणूनच.

आता तुम्ही म्हणाल, "इतका वेग असेल तर ओट्याजवळचा वास बाहेरच्या खोलीत डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच यायला हवा!" शंका अगदी रास्त आहे. हॉलंडचे हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी १८५८ साली नेमकी हीच शंका काढली होती. तंबाखूचा धूर खोलीत इतका वेळ थरांनी तरंगत का राहतो, आणि एका कोपऱ्यात सोडलेल्या वायूचा वास दुसऱ्या कोपऱ्यात पोचायला काही मिनिटं का लागतात, असा त्यांचा सवाल होता.

त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ रूडोल्फ क्लॉसियस यांनी उत्तर दिलं. रेणू वेगाने धावतात खरे, पण मोकळ्या मैदानात नव्हे, जत्रेच्या गर्दीत! दोन पावलं टाकली की दुसऱ्याचा धक्का, की दिशा बदलली. आजच्या हिशेबाने हवेतला एक रेणू दर सेकंदाला काही अब्ज वेळा दुसऱ्या रेणूंवर आपटतो. दोन धक्क्यांमधे त्याला धावायला मिळणारं अंतर असतं जेमतेम केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकं. म्हणजे दिवसभर राबूनही बाई उंबऱ्याच्या आतच, तशातली गत! बंद खोलीत अजिबात वारा नसेल, तर नुसत्या या धक्काबुक्कीवर एखादा मीटर पुढे सरकायला वासाला तास न् तास लागतील. प्रत्यक्षात तो आपल्यापर्यंत लवकर येतो तो हवेच्या झुळकीबरोबर.

या धावपळीचं गणित पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी मांडलं. पण मुद्दाम सांगायची गोष्ट आहे ती त्यांच्या पत्नी कॅथरिन यांची. गणित पडताळायचे प्रयोग या जोडप्याने १८६५ च्या सुमारास लंडनमधल्या आपल्या राहत्या घरी, माळ्यावरच्या खोलीत केले. बंद भांड्यात काचेच्या तबकड्यांना झोके द्यायचे आणि हवा ते झोके किती लवकर थांबवते ते मोजायचं. खोलीतली उष्णता कमी-जास्त झाली की रेणूंचा वेग बदलणार, म्हणून ती तासन्‌तास एकसारखी ठेवायला हवी. भर उन्हाळ्यात खोलीत मोठा जाळ केलेला, त्यावर किटल्या उकळताहेत, वाफ कोंडली आहे, आणि जाळ सांभाळायला कॅथरिनबाई! चूल सांभाळून जिचे डोळे चुरचुरले आहेत तिला हे काम किती दमवणारं असेल ते वेगळं सांगायला नको. १८६६ साली निबंध वाचला गेला तो पतीच्या नावाने. मात्र पुढे एका मित्राला लिहिलेल्या पत्रात मॅक्सवेल यांनी थट्टेच्या सुरात का होईना, पण या विषयातलं खरं काम आपल्या पत्नीनेच केल्याचं म्हटलं आहे.

आता वळू या आपल्या ओट्याकडे. वास उशिरा पोचतो, याचा अर्थ काय? बाहेरच्या खोलीत तुम्हाला पुसट वास आला, तेव्हा सिलिंडरपाशी बराच गॅस साठलेला असू शकतो. शिवाय हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो ओट्याखाली, जमिनीलगत पसरत राहतो आणि आपल्या नाकापर्यंत त्याचा थोडाच भाग येतो. हवेत त्याचं प्रमाण शंभरात दोन भागांच्या आसपास झालं, की एक ठिणगीही पुरते. (पाइपाने येणारा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो, पण काळजी हीच घ्यायची.)

आणखी एक. आपलं नाक वासाला सरावतं. स्वैपाकघरात बराच वेळ असलेल्या बाईला वास जाणवेनासा होतो आणि बाहेरून आलेल्या मुलाला तो झटकन येतो. तेव्हा घरातल्या एकालाही वास आला, तर "मला नाही बाई येत" म्हणून विषय संपवू नका.

वास आला की आधी शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करा. देवापुढचं निरांजन, उदबत्ती विझवा. दारं-खिडक्या सताड उघडा. रेणूंच्या धक्काबुक्कीवर विसंबलात तर गॅस जायला फार वेळ लागेल. वारा तो लवकर बाहेर नेतो. विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. वास घालवायला पंखा लावण्याचा मोह तर मुळीच नको! रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी बसवा, मुलाबाळांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करा. तो गॅसगळतीच्या तक्रारीसाठीच आहे.

एरवीही महिन्या-दोन महिन्यांनी नळीला आणि जोडांना साबणाचं पाणी लावून पाहावं. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून मात्र कधीही पाहू नये. नळीवर छापलेली मुदत संपली असेल, तर ती वरून चांगली दिसली तरी बदलावी.

आणि हो, १९०६ हा आकडा आजच मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. घरातल्या लहानथोरांना तो दाखवूनही ठेवा, कारण वास येईल तेव्हा घरी तुम्हीच असाल असं नाही.